घरातली लघवीची नळी : जंतू, अडथळा आणि आपलं अनुमान



आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवलेला माणूस लघवीच्या नळीवर काय बोलणार? कारण सरळ आहे. माझे थोरले बंधू गेली चार वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. पक्षाघातानंतर त्यांचं मूत्राशय आपणहून रिकामं होत नाही, म्हणून नळी कायमची आहे. त्यांचं करणारे आम्ही तिघं. वहिनी, मी, आणि दिवसा ब्युरोतून येणाऱ्या मावशी. वहिनींचं वय अठ्ठ्याहत्तर, माझं चौऱ्याहत्तर.

नळी घालणं, बदलणं, औषध ठरवणं हे डॉक्टरांचं आणि प्रशिक्षित सिस्टरांचं काम. त्यात आपण लुडबुड करायची नाही. पण नळी एकदा बदलून झाली की पुढची बदलण्याची वेळ येईपर्यंतचे सगळे दिवस घरच्यांचे असतात. रात्री दोन वाजता पिशवीत लघवी दिसत नाही. सकाळी चादर ओली आहे. लघवी गढूळ दिसते आहे. आता थांबायचं, फोन करायचा, की गाडी काढायची? हा निर्णय लक्षणावरून कारणाकडे जाण्याचा आहे. आमच्या शास्त्रात याला अनुमान म्हणतात. तेवढ्यापुरता हा विषय माझा आहे असं मी मानतो.

सगळ्या व्याख्यानाचं सार आधीच सांगून टाकतो. कायमची नळी असलेल्या मूत्राशयातले जंतू तुम्ही संपवू शकत नाही. पण वाहती वाट मोकळी ठेवणं आणि आतल्या नाजूक त्वचेला इजा होऊ न देणं, या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. घरच्या काळजीचा सगळा भर या दोन गोष्टींवर हवा.

नळी कशी असते

आपण जी वापरतो ती फोलीची नळी. फ्रेडरिक फोली या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने १९३०च्या दशकात फुग्याची ही रचना रूढ केली. नळीत दोन वाटा असतात. मोठ्या वाटेने लघवी खाली येते. दुसरी बारीक वाट टोकाजवळच्या फुग्यात पाणी भरायची. फुगा मूत्राशयात फुगला की नळी बाहेर निसटत नाही. फुग्यात साधारण १० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर भरतात. सलाईन भरत नाहीत, कारण त्यातल्या क्षाराचे खडे होऊन ती बारीक वाट बंद होऊ शकते आणि मग काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही.

नळीवर १४, १६ असे आकडे असतात. हे माप शारिएर या फ्रेंच उपकरण-कारागिराच्या पद्धतीचं आहे. आकड्याला तीनने भागलं की नळीची बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. म्हणजे १६ नंबरची नळी सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. आकडा वाढला की नळी जाड झाली, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. लॅटेक्सची साधी नळी साधारण चार आठवड्यांपर्यंत आणि पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत ठेवतात. तुमच्या रुग्णाची मुदत किती, हे डॉक्टरांनाच विचारा. नळी घातली की तिचं पाकीट फेकू नका. त्यावर नंबर, फुग्याचं माप, प्रकार सगळं छापलेलं असतं. आमच्याकडे ते तारखेसह वहीत चिकटवलेलं असतं.

आणि एक मूलभूत प्रश्न. नळी मुळात हवीच आहे का? रुग्णालयात अडचणीच्या वेळी नळी घालतात, रुग्ण घरी येतो, आणि ती नळी तशीच महिनोन्‌महिने राहते. का घातली होती, हे कुणालाच आठवत नाही. साधन हेतू संपल्यावरही चालू राहतं, हे माणसाच्या सगळ्याच व्यवहारांत दिसतं. म्हणून दर बदलाच्या वेळी डॉक्टरांना विचारा, ‘ही काढून बघता येईल का?’ मूत्राशय रिकामं होतं पण लघवीवर ताबा नाही, अशा पुरुष रुग्णाला कंडोमसारखी बाहेरून लावायची नळी चालते, किंवा नुसते डायपर. मूत्राशय रिकामं होत नसेल, तरी दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ हाताने बारीक नळी घालून लघवी काढून लगेच नळी काढून टाकणं, ही पद्धत आहे. जॅक लॅपिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली अमेरिकेत ती मांडली, आणि कणा दुखावलेल्या असंख्य लोकांचं आयुष्य त्यामुळे बदललं. आमच्या बंधूंच्या हाताला ते जमत नाही आणि वहिनींना दिवसातून पाच वेळा ते झेपणारं नाही, म्हणून आमच्याकडे कायमची नळी. पण हा विचार करून घेतलेला निर्णय आहे.

जंतू आहेत, म्हणून आजार आहे का?

आता मुख्य मुद्दा. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत रोज साधारण ३ ते ७ टक्के या वेगाने जंतू शिरण्याची शक्यता असते. एक महिना झाला की जवळजवळ प्रत्येकाच्याच लघवीत जंतू सापडतात. मग तुम्ही कितीही स्वच्छता ठेवा. नळीच्या आतून-बाहेरून जंतूंचा एक चिकट थर बसतो आणि औषध त्या थरात नीट पोचत नाही. म्हणून मधूनच लघवी तपासायला दिली तर अहवालात पस पेशी येणार, कल्चरमध्ये जंतू येणार. आणि घरात घबराट.

इथे न्यायशास्त्रातलं एक साधं उदाहरण घेऊ. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. पण उलट बाजूने जाता येत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं इंधन लागतं. ही जी मधली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

आता हे नळीला लावून बघा. जंतू म्हणजे अग्नी, आजार म्हणजे धूर. जंतू असतात आणि माणूस ठणठणीत असतो, हा तापलेला लोखंडाचा गोळा. मग ओलं इंधन कोणतं? लघवी तुंबणं, आणि आतल्या त्वचेला जखम होणं. नळी चोंदली, लघवी दाबाने मागे फिरली, किंवा नळी ओढली जाऊन आत खरचटलं, की तेच जंतू रक्तात शिरतात. मग थंडी वाजून ताप येतो. अग्नी विझवणं आपल्या हातात नाही. लाकूड कोरडं ठेवणं मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून नुसती गढूळ किंवा वास येणारी लघवी हा संसर्गाचा पुरावा धरत नाहीत. तर्कशास्त्राच्या भाषेत हा सव्यभिचारी हेतू. हसू नका, इथे व्यभिचार म्हणजे इतकंच की हे चिन्ह आजार असतानाही दिसतं आणि नसतानाही दिसतं, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाणी कमी प्यायलं गेलं तरी लघवी गडद होते आणि वास मारते. भरवशाची चिन्हं वेगळी आहेत : ताप, थंडी-कापरं, कमरेच्या वर पाठीत किंवा ओटीपोटात नवं दुखणं, आणि वृद्धांमध्ये अचानक आलेली बडबड, गुंगी किंवा गळाठा. गळाठ्याला दुसरी कारणंही असतात, पण ती शोधायला डॉक्टर हवेतच.

हा मुद्दा नुसता पुस्तकी नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी लघवी गढूळ दिसली की जुन्या चिठ्ठीवर अँटिबायोटिकचा कोर्स आणला जाई. वर्षभरात चार कोर्स झाले. पाचव्या वेळी खरोखर हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कल्चरमध्ये नेहमीच्या गोळ्यांपैकी एकही लागू पडेना. शिरेतून द्यायच्या महागड्या इंजेक्शनांवर निभावलं. अनावश्यक औषधाने जंतू मरत नाहीत, तयार होतात.

तपासणी करायचीच वेळ आली, तर नमुना पिशवीतून देऊ नका. पिशवीत तासन्‌तास साठलेल्या लघवीत कसलेही जंतू वाढतात. नळी घालून दोन आठवड्यांहून जास्त झाले असतील तर आधी नळी बदलून नव्या नळीतून नमुना घेणं योग्य, कारण जुन्या नळीतून नळीवरच्या थराची माहिती मिळते, मूत्राशयाची मिळत नाही. हे डॉक्टरांना नम्रपणे सुचवायला हरकत नाही.

कधीकधी पिशवीच चक्क जांभळी होते. लोक घाबरून जातात. आतड्यात अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून एक पदार्थ बनतो, यकृतातून पुढे तो लघवीत येतो, आणि काही जंतू त्याच्यापासून निळा आणि लाल रंग तयार करतात. दोन्ही मिळून जांभळा. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांत हे जास्त दिसतं. रंग स्वतः निरुपद्रवी असतो. डॉक्टरांना कळवा, पोट साफ ठेवा, पिशवी बदला, आणि रुग्णाला बाकी काही होतंय का ते बघा.

पिशवीत लघवी येत नाही

रात्री दोनचा प्रसंग हा. घाई न करता एका क्रमाने जायचं. नळी कुठे दुमडली आहे का? रुग्णाच्या मांडीखाली किंवा पलंगाच्या कठड्यात अडकली आहे का? पिशवी मूत्राशयापेक्षा खाली लटकते आहे ना? पिशवी काठोकाठ भरली आहे का? भरली असेल तर वरून लघवी उतरणार कशी? पिशवीची क्लिप चुकून बंद राहिली आहे का? रुग्णाला कूस बदलून द्या, कधी नळीचं छिद्र मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेलं असतं. शौचाला किती दिवस झाले? कडक मळाने भरलेलं आतडं मूत्राशयावर आणि नळीवर दाब देतं. आणि दिवसभरात पाणी किती पोटात गेलं?

एवढं पाहून झालं आणि तरी दोन-तीन तासांत थेंब नाही, ओटीपोट फुगून टणक लागतंय किंवा रुग्ण तळमळतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. नळी चोंदली आहे असं समजून निघायचं. घरी सिरिंजने जोरात पाणी मारायचं नाही. नळी ओढायची नाही. कात्रीने कापायची तर अजिबात नाही.

नळी पुन्हा पुन्हा चोंदते, त्यामागे बहुधा क्षारांचं किटण असतं. प्रोटियस जातीचे काही जंतू लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात. लघवी अल्कधर्मी होते, आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमचे फॉस्फेट नळीच्या छिद्राशी साचतात. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तसंच. काढलेल्या नळीचं टोक बोटांत फिरवून बघा, वाळूसारखं खरखरीत लागतं. अशा वेळी वही कामाला येते. कोणत्या तारखेला घातली, कोणत्या तारखेला चोंदली? आमच्या बंधूंची नळी तीन वेळा बाविसाव्या ते पंचविसाव्या दिवसाच्या दरम्यान चोंदली होती. वही पाहून डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी बदलायचं ठरवलं आणि रात्रीच्या धावपळी थांबल्या. औषध काहीच वाढलं नाही, फक्त तारीख अलीकडे आली. तरीही वारंवार चोंदली तर मूत्राशयात खडा आहे का हे तपासावं लागतं.

नळीच्या बाजूने गळणं

चादर ओली दिसली की पहिला विचार येतो, नळी बारीक पडते आहे, जाड घाला. आता मघाचा आकडा आठवा. जाड नळी आणि मोठा फुगा मूत्राशयाला जास्त टोचतात. मूत्राशय चिडून आकसतं आणि लघवी आणखी जोराने बाजूने येते. म्हणजे उपायानेच रोग वाढला.

गळण्याची खरी कारणं तीन. नळी चोंदलेली किंवा दुमडलेली असणं, बद्धकोष्ठ, आणि मूत्राशयाचे आकडे, म्हणजे कळ येऊन आकसणं. ओळखायचं कसं? बाजूने गळतंय आणि पिशवीत काहीच नाही, तर अडथळा. बाजूने गळतंय पण पिशवीतही नेहमीसारखी येते आहे, तर बहुधा आकडे. आकड्यांवर डॉक्टर गोळ्या देतात, पण त्यांतल्या काही गोळ्यांनी वृद्धांना तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि मनाचा गोंधळ होऊ शकतो. तेव्हा गोळी सुरू झाल्यावर रुग्ण वेगळा वागू लागला तर लगेच सांगा.

ओढ आणि इजा

नळी मांडीला पट्टीने सैलसर बांधून ठेवा, रोज बाजू बदला. कूस बदलताना, खुर्चीत बसवताना, आंघोळ घालताना आधी पिशवी हलवायची, मग माणूस. हे मावशींना पहिल्याच दिवशी शिकवा. विस्मरणाचा आजार असलेला रुग्ण नळी ओढतो. त्याचे हात बांधू नका. नळी पायजम्याच्या आतून मागे न्या, हाताला धरायला काहीतरी द्या, आणि त्याला कळ तर येत नाही ना ते तपासा. न बोलता येणारा माणूस हाताने बोलतो.

रोज साबण-पाण्याने धुणं पुरेसं, जंतुनाशक द्रवाची गरज नाही. पुरुष रुग्णाच्या लिंगाची पुढची त्वचा धुताना मागे घेतली असेल तर धुतल्यावर पुन्हा पुढे आणायला विसरू नका. ती मागे राहिली तर सूज येऊन अडकते, आणि ती आणीबाणी असते. लॅटेक्सच्या नळीला व्हॅसलिन किंवा तेल लावू नका, त्याने लॅटेक्स खराब होतं. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, जमिनीला टेकू देऊ नका, आधी आणि नंतर हात धुवा. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण सोडू नका. सोडला की बाहेरच्या जंतूंना दार उघडं.

लगेच निघण्याची वेळ

थंडी वाजून ताप, अचानक गुंगी, लघवी बंद होऊन फुगलेलं पोट, रक्ताच्या गुठळ्या, फुगा फुगलेला असतानाच ओढून निघालेली नळी. पोटातून घातलेली नळी निसटली तर तासाभराचाही उशीर नको, कारण ते छिद्र झपाट्याने मिटू लागतं. आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण असेल, तर नळी तुंबल्यावर त्याचं डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, रक्तदाब एकदम चढतो. त्याला ताबडतोब उठून बसवा, कपडे सैल करा, नळी दुमडली आहे का पाहा आणि तसंच रुग्णालयात न्या. यात जिवाला धोका असतो.

शेवटी एक गोष्ट. पाहुणे आले की आमच्याकडे पिशवीवर कापडी खोळ चढते. वहिनींनी जुन्या लुगड्याची शिवली आहे. वैद्यकीय दृष्टीने तिचा काही उपयोग नाही. पण पिशवीकडे बघत रुग्णाशी बोलणाऱ्यांची नजर वर येते, चेहऱ्याकडे जाते. रुग्णासमोर ‘आज किती झाली, रंग कसा आहे’ ही चर्चा मोठ्याने करू नये. ती वहीत करावी.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : पाणी किती द्यायचं?*

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर, त्यात ताक, पेज, सरबत सगळं धरून. लघवी फिकट पिवळी दिसली की पुरे. विकार असेल तर माप डॉक्टरांकडूनच घ्या. गिळताना ठसका लागत असेल तर थोडं थोडं, बसवून.

*प्रश्न : नळी रोज औषधाने धुवून काढली तर जंतू कमी होणार नाहीत का?*

नाही. रोजच्या धुण्याने संसर्ग टळतो असं दिसलेलं नाही, उलट दर वेळी जोड सुटतो आणि आतली त्वचा दुखावते. काही ठरावीक रुग्णांना डॉक्टर सांगतात, तेवढ्यांनीच करावं.

*प्रश्न : सर, आई म्हणते आता ही नळी काढा, मला नको. काय सांगायचं तिला?*

आधी विचारा, काय नको आहे? कळ नको आहे, ओलेपणा नको आहे, की लोकांनी बघणं नको आहे? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि त्यातले बरेचसे तुमच्या घरातच आहेत. मग तिचं उत्तर घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि शक्य असेल तर तिला सोबत न्या. नळी तिची आहे. निर्णयाच्या खोलीत ती हवीच.